विद्यार्थ्यांची सेवाशिबिरे व गावची पूर्वतयारी

दिवाळीची सुटी सरून महाविद्यालयांच्या सहामाही परीक्षा उरकल्या, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत महाराष्ट्रातील अनेक गावी विद्यार्थ्यांची सेवाशिबिरे भरू लागतात. शाळेच्या पडवीत पथाऱ्या पडतात, पहाटे प्रभातफेरी निघते, सकाळी कुदळी-फावड्यांचे काम चालते, दुपारी कोणाचे तरी व्याख्यान होते आणि रात्री देवळापुढे पथनाट्य किंवा भजन रंगते. सात दिवस गावात मोठी वर्दळ असते. आठव्या दिवशी मंडळी परत जातात व मागे राहते ते बहुधा झाडून काढलेले एक मैदान, चुन्याने रंगविलेले दगड आणि वृत्तपत्रातील एक छायाचित्र. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून ही मंडळी आठवडाभर ये-जा करीत होती, त्यास त्यांच्यापासून काय लाभ झाला असे विचारले, तर तो हसून "पोरे चांगली होती" एवढेच सांगतो.

पोरे चांगली असतात ह्यात शंका नाही. शहरात वाढलेला मुलगा थंडीच्या दिवसांत शाळेच्या फरशीवर निजतो, पाळीने भाकरी भाजतो व हाताला फोड आले तरी फावडे सोडत नाही, हे कौतुकास्पदच होय. परंतु गावास ह्या श्रमापासून फळ थोडे मिळते ह्याचे कारण, आमच्या मते, गाव त्यांच्याकडे काही मागतच नाही. काम महाविद्यालयाने ठरवावे, जागा ग्रामपंचायतीने दाखवावी आणि शेतकऱ्याने दुरून पाहावे, अशी रीत पडून गेली आहे. ती पालटावयाची असेल तर ही योजना कशी चालते, तीतून कोणते काम निघू शकते व कोणते निघू शकत नाही, हे शेतकरीवर्गास ठाऊक असले पाहिजे. त्याचेच विवेचन येथे करण्याचे योजिले आहे.

विद्यार्थ्यांनी शिकता शिकता लोकांच्या उपयोगी पडावे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेत अंगमेहनत हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी अशी शिफारस केली. १९५९ साली चिंतामणराव देशमुख ह्यांच्या समितीपुढे हाच प्रश्न आला, तेव्हा सेवा सक्तीची असावी असे मत पडले; पण तिचा खर्च सरकारास झेपण्याजोगा नव्हता. दुसऱ्याच वर्षी सय्यदैन ह्यांनी निरनिराळ्या देशांतील पद्धती पाहून सेवा ऐच्छिकच असावी असा अभिप्राय दिला. अखेर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव ह्यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. आरंभी तीत सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. आज ही संख्या कित्येक लक्षांवर गेली आहे. कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे चाक हे तिचे चिन्ह आहे. विद्यार्थ्यांच्या छातीवर ते आपण पाहिलेच असेल. त्यातील आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजे सेवेस अष्टौप्रहर सिद्ध, असा त्याचा अर्थ सांगतात.

योजनेचा नियम असा की, स्वयंसेवकाने वर्षास १२० तास ह्याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास समाजसेवेचे काम करावयाचे आणि शिवाय सात दिवसांच्या एका विशेष शिबिरास जावयाचे. एका पथकात साधारणपणे १०० स्वयंसेवक असतात. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ५०, शिबिरास येतात. पथकावर महाविद्यालयातील एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेला असतो. महाविद्यालय जवळपासचे एखादे गाव निवडते व त्यास "दत्तक गाव" म्हणते. (हा शब्द आम्हास फारसा रुचत नाही. दत्तक घेतलेले मूल घरी नेतात. येथे घेणारा सात दिवसांनी निघून जातो व मूल जागच्या जागी राहते.) शिबिराचे सात दिवस सर्वांच्या डोळ्यांत भरतात, पण त्या १२० तासांची गावकऱ्यांस वार्ताही नसते. शेतीच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते मात्र ह्या १२० तासांस. ते कसे, हे पुढे दिसेल.

प्रथम शिबिरातील श्रमांचा हिशेब मांडून पाहू. सात दिवसांपैकी पहिला दिवस येण्यात व उद्घाटनात, शेवटचा समारोपात जातो. उरलेल्या पाच दिवसांत रोज सकाळी चार तास काम झाले, असे धरले तर ५० जणांचे मिळून १,००० तास होतात. आठ तासांचा एक मजूरदिवस धरल्यास हे १२५ दिवस भरतात. नवशिक्या हाताचा उरक सराईताच्या निम्मा मानला, तर प्रत्यक्षात साठ-बासष्ट मजुरांचे एका दिवसाचे काम होते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, सहा चांगले गडी दहा दिवसांत जेवढी माती हलवितील तेवढीच हे शिबिर हलविते. ह्यात विद्यार्थ्यांस कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. ह्या बळावर पाझर तलाव होणार नाही, शिवाररस्ता होणार नाही, नाला खोलीकरणही होणार नाही, एवढेच ध्यानात आणून द्यावयाचे आहे. अशी मोठी कामे शिबिरापुढे ठेवली म्हणजे ती अर्धवट राहतात. आणि पावसाळ्यात अर्धवट मातीकाम हे न केलेल्या कामाहून वाईट ठरते.

ह्या बळात बसणारे व शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष उपयोगाचे एक काम मात्र आहे, ते म्हणजे ओढ्यावर रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू-माती भरून घातलेला कच्चा बंधारा. ह्यास आपल्याकडे वनराई बंधारा असे नाव पडले आहे. पाच मीटर रुंदीच्या ओढ्यावर एक मीटर उंचीचा असा बंधारा घालावयाचा तर सुमारे दोनशे पोती लागतात, व पन्नास तरुण ते काम दोन सकाळींत सहज उरकतात. खर्च म्हणाल तर पोती व सुतळी एवढाच.

पण येथे ऋतूचा आणि महाविद्यालयाच्या वेळापत्रकाचा मेळ बसत नाही. नैऋत्य मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातून माघार घेऊ लागतो. त्यानंतर ओढ्यातून जे पाणी वाहते ते जमिनीत मुरलेले पाणी हळूहळू पाझरून आलेले असते, व कमी पावसाच्या मुलुखात ते महिना-दीड महिन्यात आटते. बंधारा घालावयाचा तो ह्याच पाण्यासाठी. शिबिरे भरतात डिसेंबर-जानेवारीत. तोवर लहान ओढे कोरडे पडलेले असतात, आणि कोरड्या ओढ्यात घातलेल्या बंधाऱ्यात फक्त पाटी रोवता येते. आम्ही वर १२० तासांचा उल्लेख केला तो ह्यासाठी. हे तास वर्षभर केव्हाही भरता येतात. तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयास ऑक्टोबरातील लागोपाठचे दोन रविवार मागितले, तर पथकाचे तासही भरतात आणि ओढ्यात पाणी असताना बंधाराही होतो. शिबिराची वाट पाहत बसण्याचे काही कारण नाही.

बंधाऱ्याची जागा गावातील जाणत्या माणसाने आधी हेरून ठेवावी. ओढ्याचे पात्र जेथे अरुंद, दोन्ही काठ उंच व पक्के, आणि वरच्या अंगास पात्र सपाट असेल, तेथे थोड्या पोत्यांत पुष्कळ पाणी अडते. वळणावर बंधारा घालू नये. पाणी बाहेरचा काठ खाऊन बाजूने निघून जाते. पोते पाऊण भरावे, काठोकाठ भरू नये. पाऊण भरलेले पोते दबून शेजारच्या पोत्याशी घट्ट बसते. तोंड सुतळीने शिवून टाकावे. विटांच्या थरांप्रमाणे सांधे मोडून थर रचावेत, तळास तीन पोत्यांची रुंदी ठेवून माथ्याकडे ती एकावर आणावी, आणि फटींतून चिकणमाती ठासावी. भरावासाठी माती काठाची काढू नये. पात्रातीलच, वरच्या अंगाची गाळवाळू काढावी, म्हणजे पाण्यास तेवढी जागा अधिक होते. वाहून जाणारे पाणी माथ्यावरून मध्यभागी पडेल अशा बेताने दोन्ही टोके किंचित उंच ठेवावीत.

येथवर बहुतेक गावी होते. पुढचे मात्र कोणी करीत नाही. बंधारा पहिल्या आठवड्यात कोठे ना कोठे गळतोच, आणि विद्यार्थी तोवर परीक्षेच्या अभ्यासास लागलेले असतात. गळती बुजविणे हे ज्याची विहीर बंधाऱ्याच्या खालच्या अंगास आहे त्याचे काम. दुसरी गोष्ट अशी की, ही पोती उन्हाने वर्षाच्या आत कुजतात. मे महिन्याअखेर ती उचलून घेतली नाहीत, तर मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर त्यांच्या चिंध्या खालच्या शेतांत पसरतात. ह्या चिंध्या मातीत कुजत नाहीत, कुळवाच्या फासात अडकतात, आणि जनावरांच्या पोटात जातात ते वेगळेच. म्हणून बंधाऱ्याखालील दोन-तीन शेतकऱ्यांची नावे काम सुरू होण्याआधीच ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून घ्यावीत. जे नाव देणार नाहीत त्यांच्या ओढ्यावर पोते टाकू नये.

ह्याच ठिकाणी एक नाजूक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. अडविलेल्या पाण्याचा लाभ ज्यास विहीर आहे त्यास होतो, आणि ज्यास जमीनच नाही त्याच्या वाट्यास त्यातून प्रत्यक्ष काही येत नाही. मुलांनी फुकट श्रम करावेत व त्याचे पीक काही मोजक्या खातेदारांनी घ्यावे, हे सेवेच्या नावास शोभत नाही. म्हणून पहिला बंधारा गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगास किंवा जनावरांच्या पाणवठ्यावर व्हावा. त्याचप्रमाणे जे काम एरवी मजुरी देऊन करविले गेले असते ते विद्यार्थ्यांच्या माथी मारू नये. महाराष्ट्राने १९७७ साली कायदा करून मागेल त्यास काम देण्याची हमी घेतली, ती दुष्काळात होरपळलेल्या मजुरांसाठी. त्यांच्या हातचे काम उत्साही मुलांनी हौसेने उरकून टाकले, तर मजुराचा रोज बुडतो आणि त्यास बोलण्याची सोयही राहत नाही. खाजगी शेताची बांधबंदिस्ती, द्राक्षबागेतील खड्डे, कांद्याची काढणी अशी कामे शिबिराच्या नावाखाली करून घेतल्याची उदाहरणे ऐकिवात आहेत. ती गावास लाज आणणारी आहेत.

आता विद्यार्थी ज्यात आपल्याहून सरस ठरतात त्या कामाकडे वळू. ते काम मोजण्याचे व लिहिण्याचे आहे. शेतकऱ्यास आपल्या विहिरीस पाणी किती हे अंदाजाने ठाऊक असते, परंतु गावातील सर्व विहिरींचे पाणी एकाच दिवशी मोजून कोणी लिहून ठेवलेले नसते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठराविक निरीक्षण-विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. पण अशी विहीर प्रत्येक गावी नसते, आणि असली तरी एका विहिरीवरून साऱ्या शिवाराचे अनुमान निघत नाही. दहा विद्यार्थी, पाच फिती व पाच वजने एवढ्या सामग्रीने एका सकाळी गावातील पन्नास विहिरी मोजून होतात. फितीस वजन बांधून कठड्याच्या माथ्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे व त्यातून कठड्याची उंची वजा करावी, म्हणजे जमिनीपासून पाण्याची खोली मिळते. मापन पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वी करावे. नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी खरी समजली जाते. ऑक्टोबरचे व मे महिन्याचे आकडे दोन-तीन वर्षे शेजारी शेजारी मांडले, की कोणत्या भागात पाणी मुरते व कोणत्या भागात उपसा अधिक आहे, हे वादावादीवाचून दिसू लागते.

अशा आकड्यांवरून रब्बीचा विचार करता येतो. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरावर पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी होते. हजार हेक्टरांच्या शिवारावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर ५०० कोटी लिटर पाणी पडले. आकडा ऐकून छाती फुगते. परंतु त्यातील पुष्कळसे वाफ होऊन जाते, बरेचसे पीक पिते, काही वाहून जाते आणि विहिरींच्या वाट्यास लहानसा अंशच येतो. उलट बाजूने पाहा. एका एकरास सहा सेंटिमीटर खोलीची पाण्याची एक पाळी द्यावयाची म्हणजे सुमारे अडीच लक्ष लिटर पाणी हवे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. झऱ्यांतून येणारे पाणी सोडून दिले, तर एका एकराच्या एका पाळीस अशा विहिरीतील नऊ मीटर पाणी उपसावे लागते. गव्हास पाच-सहा पाळ्या, हरभऱ्यास दोन. हे गणित शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले, तर ऑक्टोबरात गहू किती एकर व हरभरा किती एकर ह्याची चर्चा नुसत्या आवाजावर चालणार नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने दरवर्षी असा पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची रीत पाडली, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. त्या गावास जे साधले ते इतरांस न साधण्याचे एक कारण असे की, इतर गावी मोजणी करणारे हात नसतात. ते हात दरवर्षी आपल्या दारी येतात, आणि आपण त्यांच्या हाती झाडू देतो.

माती तपासणीचेही असेच आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद् आरोग्य पत्रिकेच्या योजनेत नमुना घेण्याची पद्धत अशी ठरली की, बागायतीत अडीच हेक्टरांस एक व जिरायतीत दहा हेक्टरांस एक नमुना घ्यावा. म्हणजे जिरायत शेतकऱ्याच्या हाती जी पत्रिका आली, तिच्यातील माती त्याच्याच शेतातील असेल असे नाही; ती पलीकडच्या बांधावरचीही असू शकते. आपल्या शेताचा नेमका गुण जाणावयाचा तर आपल्या शेताचाच नमुना पाठवावयास हवा, व तो नीट घेणे हे कंटाळवाणे काम आहे. शेत एकसारखे नसेल तर रंग, उतार व खोली पाहून त्याचे भाग पाडावयाचे. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी पालापाचोळा बाजूस सारून वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा घ्यावयाचा व त्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडावयाची. ती सर्व एकत्र मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावयाचे. असे अर्धा किलो माती उरेपर्यंत करावयाचे. झाडाखालची, उकिरड्याजवळची, बांधाच्या कडेची, विहिरीलगतची माती घेऊ नये. खते दिल्यावर तीन महिने जाऊ द्यावेत. आणि खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना कदापि भरू नये. सुगीच्या घाईत शेतकरी हे सर्व पाळीत नाही, मूठभर माती उचलून देतो, आणि मग प्रयोगशाळेचा निष्कर्ष चुकला म्हणतो. विद्यार्थ्यांस पहिल्या दिवशी एखाद्या कृषिपर्यवेक्षकाकडून ही रीत समक्ष दाखविली, तर ते ती काटेकोर पाळतात, कारण त्यांस नियम पाळण्याची सवय असते व शेतात दुसरे काम नसते. शिबिराचा काळ ह्यास अनुकूल आहे. डिसेंबर-जानेवारीत खरीप निघून गेलेली व रब्बी न पेरलेली पुष्कळ राने मोकळी असतात.

कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी गावी येतात ते निराळ्या नात्याने. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील आपली चारही कृषी विद्यापीठे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात धाडतात. १९९२ साली रंधावा समितीने ही पद्धत सुचविली व २०१५ पासून ती देशव्यापी "स्टुडंट रेडी" कार्यक्रमाचा भाग झाली. आपण त्यांस कृषिदूत व कृषिकन्या म्हणून ओळखतो. ह्यांची सेवा ऐच्छिक नव्हे. तीस गुण आहेत. परंतु शेतकऱ्यास त्याचे काय? हे विद्यार्थी बहुधा खरिपाच्या ऐन हंगामात, उभ्या पिकात येतात, व त्यांस कीड-रोगांचे ज्ञान ताजे असते. कपाशीत हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून बोंडअळीचे पतंग रोज मोजण्यास, भाताचे बी तीन टक्के मिठाच्या पाण्यात (दहा लिटर पाण्यास ३०० ग्रॅम मीठ) बुडवून तरंगणारे पोचट बी वेगळे करून दाखविण्यास, ह्यांच्याइतका सोयीचा माणूस मिळणार नाही. शिवाय प्रत्येकास आपल्या यजमान शेतकऱ्याच्या पिकाचा खर्च-उत्पन्नाचा तपशील वहीत लिहावा लागतो. ती वही महाविद्यालयात जाते, तीस गुण मिळतात व ती कपाटात पडते. आमची सूचना अशी की, यजमान शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी अट घालावी: वहीची एक प्रत माझ्या घरी राहिली पाहिजे. विद्यार्थी आनंदाने देईल. आपल्या सोयाबीनच्या एकरी खर्चाचा खरा आकडा किती शेतकऱ्यांच्या घरी लिहिलेला आहे? परंतु मग आकडे सांगतानाही प्रामाणिकपणा हवा. पाहुण्याचा मुलगा विचारतो म्हणून वाटेल ते सांगावयाचे, अशाने त्याचीही वही खोटी व आपलीही.

ज्या विद्यार्थ्यांचा विचार गाव कधीच करीत नाही, ते म्हणजे गावचेच विद्यार्थी. आज लहानशा खेड्यातूनही दहा-वीस मुले-मुली तालुक्यास, जिल्ह्यास, पुण्यास शिकावयास असतात. त्यांतील काही राष्ट्रीय सेवा योजनेतही असतात व परक्या गावी जाऊन बंधारे घालून येतात. मे महिन्यात हीच मुले घरी असतात. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण पाहण्याचा काळ तोच. सरसकट काढलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावे, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी, ती सावलीत ओलसर ठेवावी आणि आठवड्याने उघडून चांगले कोंब मोजावे. सत्तर वा अधिक निघाले तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे. थोडे कमी पडले तर त्या मानाने बी वाढवावे. फारच कमी असले तर ते बी बाजारात घालून दुसरे आणावे. ज्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस सापडतो त्या वर्षीच्या बियाण्यात हा फरक फार असतो. गावातील प्रत्येक घरच्या बियाण्याची अशी परीक्षा पाच-सहा मुलांनी मिळून केली, तर मृगात दुबार पेरणीची वेळ पुष्कळांवरून टळेल. २०२१ पासून चालू झालेल्या ई-पीक पाहणीत वृद्ध खातेदारांस भ्रमणध्वनीवर नोंद करून देण्याचे कामही हीच मुले बिनबोभाट करू शकतात. बाहेरच्या मुलास आपल्या गटाची माहिती व गुप्त अंक सांगावयास माणूस कचरतो, आणि ते योग्यच आहे.

बाहेरून आलेल्या श्रमाचा उपयोग गावची तयारी असेल तरच होतो, ह्याचा मोठा दाखला पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मिळाला. २०१६ ते २०१९ ह्या वर्षी ही स्पर्धा झाली. १ मे २०१८ रोजी शहरांतून फार मोठ्या संख्येने लोक, त्यांत विद्यार्थीही, श्रमदानास खेड्यांत गेले. पण त्यापूर्वी गावातील निवडक स्त्री-पुरुषांस पाणलोटाचे शिक्षण देण्यात आले होते. चर कोठे व किती अंतरावर खणावयाचे, ह्याची आखणी गावकऱ्यांनीच करून ठेवलेली असे. पाहुण्यांनी येऊन खणावयाचे तेवढे उरले होते.

आता व्यवस्थेविषयी. महाविद्यालये आपले वार्षिक कार्यक्रम जुलै-ऑगस्टात ठरवितात. म्हणून १५ ऑगस्टच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत काम ठरवून, सरपंचांच्या सहीचे पत्र त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या नावे जावे. पत्रात "श्रमदानासाठी यावे" असे मोघम लिहू नये. अमुक ओढ्यावर अमुक रुंदीचा बंधारा, अमुक इतक्या विहिरींची मोजणी, अमुक गटांतील मातीचे नमुने, असे लिहावे. कार्यक्रम अधिकाऱ्याचीही त्यात सोयच होते. शिबिराच्या अहवालात काय लिहावे ह्याची त्यास दरवर्षी चिंता असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजोपयोगी कामास अभ्यासक्रमात श्रेयांक देण्याची दिशा दाखविली आहे, त्यामुळे मोजता येण्याजोगे काम महाविद्यालयासही हवेच आहे.

मुक्कामाच्या बाबतीत गावे नेहमी जेवणाची काळजी वाहतात व शौचालयाची वाहत नाहीत. शिबिरात बहुधा निम्म्या मुली असतात. त्यांच्यासाठी कडी असलेले दार, पाणी व दिवा असलेली वाट ह्यांची व्यवस्था शाळेपाशीच हवी. ती होत नसेल तर शिबिरास होकार देऊ नये. सर्पदंशाच्या उपचाराची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आधी विचारून ठेवावे व एक वाहन रात्री हाताशी असू द्यावे. पाहणीस निघणाऱ्या मुलांस गावातील एकच आळी दाखवून परत आणू नये. त्यांच्याबरोबर वाट दाखविणारा माणूस प्रत्येक वस्तीतला असावा, म्हणजे कोणत्याही वस्तीचे घर व विहीर गणतीतून सुटणार नाही.

अवजारांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण दिवसाचे निम्मे काम त्यावर अवलंबून असते. महाविद्यालयापाशी पंधरा-वीस कुदळी-फावडी असतात, त्यांतील काहींचे दांडे मोडके. पन्नास जणांस ती पुरत नाहीत, मग निम्मे काम करितात व निम्मे पाहत उभे राहतात. प्रत्येक घरातून एक फावडे किंवा एक घमेले आदल्या संध्याकाळी शाळेत जमा करावे, दांड्यावर रंगाने घरधन्याची खूण करावी, आणि सुताराकडून ढिले दांडे ठोकून घ्यावेत. पोतीही आधीच मोजून ठेवावीत. गावात वर्षभर जी घरे बांधली जातात त्यांची रिकामी पोती मृगाआधीच मागून कोरड्या जागी ठेवली, तर ऑक्टोबरात विकत घ्यावी लागत नाहीत.